राख पडते त्या गावात

काल दुपारी अंगणात काजळी पडली. म्हणजे कारखान्याचं धुराडं पेटलं, गाळप सुरू झालं. आता पुढचे पाच-सहा महिने उसाच्या चिपाडाची ही काळी, हलकी राख वाऱ्यावर फिरणार आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर, पाण्याच्या हंड्यावर, म्हशीच्या पाठीवर हळूच येऊन बसणार. बोट लावलं की चिरडते आणि काळी रेघ उमटते. बोट लावायचं नसतं, फुंकर मारायची असते, हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत.

सोजर, माझी बायको, होती तेव्हा पहिली काजळी पडली की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. विहारात जायचं तिचं एक पांढरं लुगडं होतं. ते धुऊन वाळत घातलं की नेमका वारा फिरायचा. अंगणात उभी राहून ती धुराड्याकडं तोंड करून बोलायची, आणि मी कारखान्याचा सभासद असल्यामुळं त्यातलं निम्मं माझ्या वाट्याला यायचं. आता काजळी पडते आणि कोणी काही बोलत नाही. मला चौथीपर्यंतच शाळा, लिहायची सवय नाही. पण काजळी पडली की मला सोजर आठवते आणि जपान आठवतं, आणि दोन्ही एकमेकांत असं गुंतलंय की एक ओढलं की दुसरं बरोबर येतं. म्हणून लिहायला बसलो.

मी जपानला गेलो होतो हे सांगितलं की अजून लोक हसतात. हसू द्या. पंच्याण्णव-शहाण्णवचा हंगाम होता. एकरी उताऱ्यात आमच्या गटात माझा पहिला नंबर आला, आणि कारखान्यानं ऊसवाल्यांची जी अभ्यास सहल काढली तीत माझं नाव घातलं. सोजरला जाऊन तेव्हा अकरा महिने झाले होते. मी नको म्हणत होतो. माझा मुलगा मिलिंद शाळेत मास्तर आहे, तो म्हणाला, आबा, घरात त्या डब्याकडं बघत बसण्यापेक्षा जाऊन या.

तो डबा म्हणजे सोजरच्या अस्थींचा. त्याचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

सोजरचं माहेर पळसदेव. आत्ताचं वर वसवलेलं नव्हे, जुनं, उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जुनं देऊळ आधी दिसायला लागतं, मग हळूहळू घरांची जोती. बारामतीच्या दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात ती मला म्हणाली, "मला म्हायेरच्या उंबऱ्यावर ठिवा."

मी म्हणालो, "तितं पानी हाय."

"उन्हाळ्यात नसतं," ती म्हणाली आणि कुशीवर वळली. तिचं बोलणं असंच. मुद्दा संपला की पाठ करायची.

आम्ही छप्पनच्या पाठोपाठ धम्म घेतला. पिंड नाही, दहावं नाही, नदीत अस्थी सोडणं नाही. मी स्वतः हात वर करून शब्द दिलेला माणूस. धरणाच्या पोटात राख ठेवायची म्हणजे चार दिवसांनी ती पाण्यातच जाणार, मग ते विसर्जन नाही तर काय? विहारातले लोक म्हणाले शेतात ठेवा, वर झाड लावा. मिलिंदचंही तेच मत. बरं, सोजरनं ते सांगितलं तेव्हा खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं. ती असं काही बोललीच नाही म्हणालो असतो तर कोण पकडणार होतं? पण ते जमेना. आणि तिचं ऐकणंही जमेना. म्हणून अकरा महिने डबा फळीवर, आणि मी खाली.

विमानाचं काही सांगत नाही, ते सगळ्यांनी सांगून झालंय. आम्ही उतरलो ते जपानच्या पार दक्षिणेच्या टोकाला, कागोशिमा म्हणून मुलूख आहे तिथं. मी स्वेटर, मफलर, कानटोपी असा जामानिमा केलेला, कारण जपान म्हणजे बर्फ असं आमच्या डोक्यात. आणि तिथं रस्त्याकडेला ताडासारखी झाडं, कुंपणाला जास्वंद, हवा आपल्याकडच्या पौषातल्यासारखी. पुण्याच्या मेधाताई दुभाषी म्हणून बरोबर होत्या. त्या म्हणाल्या, इथं ऊस येतो म्हणजे थंडी किती असेल याचा अंदाज तुम्हालाच हवा होता. खरं होतं ते. आम्ही कानटोप्या काढून पिशवीत घातल्या.

बोटीनं एका बेटावर नेऊन ऊस दाखवला. बारीक ऊस, मनगटाएवढासुद्धा नाही, आणि वादळानं लोळवलेला. आमच्यातले बरेच जण नाक मुरडायला लागले. मी मात्र फडात शिरलो. एक म्हातारा-म्हातारी दोघंच तोडत होते. तो कोयत्यानं तोडायचा, ती छोट्या दोनटोकी हत्यारानं पाला सोलायची, एक कांडं वाया जाऊ देत नव्हती. पलीकडं टेकडीमागं अग्निबाण सोडायचं ठाणं आहे म्हणाले. अग्निबाणाच्या सावलीत दोन म्हातारी माणसं हातानं पाला काढतायत, हे बघून मला बरं वाटलं की वाईट, ते अजून ठरलेलं नाही. तो ऊस मोडून मी खाल्ला. गोडीला कमी नव्हता.

मग आम्हाला परत आणून साकुराजिमा नावाच्या ज्वालामुखीच्या पलीकडच्या अंगाला, समुद्राकाठच्या एका गावात उतरवलं. बसमधून खाली पाय ठेवला आणि माझ्या बाहीवर काहीतरी पडलं. करड्या रंगाचं, बारीक. माझ्या खोलीत असायचे ते इंदापूरकडचे बाजीराव तात्या. मोठे बागायतदार, जिभेला हाड नाही. त्यांनी स्वतःची बाही बघितली आणि म्हणाले, "आबा, हितं बी गाळप चालू दिसतंय."

झालं. आम्ही बाराच्या बारा ऊसवाले माना वर करून धुराडं शोधायला लागलो. मी मेधाताईंना म्हणालो, विचारा, कारखाना कुठं आहे, रोजचं गाळप किती. त्यांनी डोक्याला हात लावला आणि बोट दाखवलं. घरांच्या मागं डोंगर होता आणि त्याच्या डोक्यातून धूर वर चढत होता, सावकाश, फुलकोबीच्या गड्ड्यासारखा फुगत.

मी ती राख चिमटीत चोळली. आपली काजळी चिरडते, ही करकरली. जिभेवर ठेवली, दाताखाली वाळू. आपल्या राखेला जळक्या गुळाचा वास, हिला फटाक्याच्या दारूचा. ज्वालामुखी म्हणजे मला आग वाटलेली. आग काही दिसली नाही. दिसल्या त्या छत्री उघडून उन्हात चाललेल्या बाया, आणि पिवळी शिरस्त्राणं घालून शाळेला निघालेली पोरं. प्रत्येक घराला राख भरायला पिवळ्या पिशव्या मिळतात. लोक दारातली राख झाडतात, पिशवीत भरतात, कोपऱ्यावर नेऊन ठेवतात, गाडी येऊन घेऊन जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा. एकाच्याही चेहऱ्यावर त्रास दिसला नाही. सोजर असती तर तिनं त्यांना डोंगराकडं तोंड करून कसं बोलायचं ते शिकवलं असतं.

त्या मातीत ते लोक करतात काय, याची मला भारी उत्सुकता. पाणी टिकत नाही, म्हणून रताळी. आणि मुळा. मुळा म्हणजे गंमत नाही, दोन हातांनी उचलायचा, गोल, तान्ह्या पोराएवढा. एका शेतकऱ्यानं तो माझ्या कडेवर दिला आणि सगळे हसले. संत्रीही आहेत, पण लिंबाएवढी, सोललं की बोटाला वास दिवसभर. मी त्या शेतकऱ्याला विचारलं, एवढी राख पडते तर गाव का सोडत नाही. तो म्हणाला, डोंगर रोज थोडं खाकरतो तोवर बरं. गप्प बसला की भीती वाटते. मेधाताईंनी हे मराठीत सांगितलं आणि मी तिथंच थबकलो. घरात रोज बोलणारं माणूस गप्प झालं की काय होतं, ते मला अकरा महिन्यांत कळलं होतं.

तात्यांचं वेगळंच चाललेलं. चटणी-भाकरी पुण्याहून बांधून आणलेली, ती संपल्यावर त्यांचे हाल झाले. मासे मी खात होतो, उजनीकाठच्या जावयाला मासे नवे नव्हते. एक दिवस समुद्राकाठी गरम वाळूत पुरून घ्यायचा उपचार होता. अंगाखालून वाफ येते, फावड्यानं वाळू ओढून गळ्यापर्यंत पुरतात. आम्ही दोघं शेजारी पडलो, फक्त तोंडं बाहेर. तात्या म्हणाले, "आबा, जित्तेपणीच पुरलं की राव." मी हसलो, पण छातीवर त्या वाळूचं ऊबदार ओझं होतं आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हात वाळूखाली, पुसता येईना. तात्यांनी बघितलं. म्हणाले, घाम हाय तो. मी म्हणालो, व्हय.

देवळातही नेलं. तात्या चिडवत होते, चला, आबांच्या देवाच्या देशात आलोय. मी म्हणालो, "देव न्हाय त्यो. मानूस हाय, म्हणून तर पटला." पण आत गेल्यावर मीच बुचकळ्यात पडलो. मूर्ती बुद्धाची, ओळखीची, मिटलेले डोळे तेच. पण पुढं भाताची वाटी, चहाचा पेला, आणि तिथल्या भंतेंची बायको आम्हाला चहा घेऊन आली. भंतेंना बायको! आणि भंते स्कूटरवर बसून कोणाच्या तरी घरी निघाले. मी मनात म्हणालो, हे आपल्या विहारात सांगितलं तर मलाच बाहेर काढतील. राग नाही आला. नवल वाटलं. एकच माणूस, त्याचं बोलणं इतक्या लांब चालत आलं, वाटेत प्रत्येक गावानं त्याला आपापल्या घरातली वाटी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच बाहेर पडलो. शेतकऱ्याला सकाळी अंथरुणात पडवत नाही. राख बारीक पडत होती. गाव संपलं तिथं उतारावर छोटी छोटी छपरं दिसली. चार खांब, वर पत्रा किंवा कौलं, ओळीनं शंभर-दीडशे. प्रत्येक छपराखाली ताजी फुलं. शेवंती, पिवळी, पांढरी. बाया बादल्या घेऊन फिरत होत्या. मी म्हणालो, फुलबाजार. बारामतीच्या मार्केट यार्डात सकाळी असंच असतं, छपरं, फुलं, पाणी शिंपडणाऱ्या बाया. शेवंती आमच्याकडंही होते, म्हणून भाव विचारावा म्हणलं.

एका छपराखाली एक म्हातारी होती, कमरेत वाकलेली, पायात रबरी बूट, डोक्याला फडकं. मी तिच्या फुलांतली एक काडी उचलली, देठ बघितलं, पाकळी दाबून बघितली, आणि बोटं नाचवून विचारलं, कितीला? ती माझ्याकडं बघत राहिली. मी आणखी दोन काड्या उचलल्या. तिनं मान हलवली, आणखी चार माझ्या हातात दिल्या, नळ दाखवला, बादली दिली. मला वाटलं गिऱ्हाईकानं स्वतः पाणी मारायचं अशी पद्धत असेल. बादली भरून आणली तेव्हा ती खाली बसून फडक्यानं दगड पुसत होती. काळा, घोटलेला दगड, त्यावर उभी अक्षरं कोरलेली. पुढं उदबत्ती. एक पेला.

मी बादली खाली ठेवली. त्या कबरी होत्या. कबरींवर राख पडू नये म्हणून छपरं.

मी टोपी काढली. फुलं परत द्यायला गेलो तर ती घेईना. तिनं हातानं विचारलं, तुमचं कोण? आता हे कसं सांगायचं? बाई विधवा झाली की तिचं कपाळ सांगतं. बुवाची बायको मेली तर त्याच्या अंगावर सांगणारं काहीच नसतं, टोपी तीच, धोतर तेच. मी तिच्या दगडाकडं बोट केलं, मग स्वतःकडं, आणि हात माझ्या खांद्याच्या जरा खाली धरला. सोजर तेवढी होती. म्हातारीनं त्या मोकळ्या जागेकडं बघितलं आणि वाकून नमस्कार केला, मला नाही, माझ्या हाताखालच्या जागेला.

मग आम्ही दोघांनी मिळून दगड धुतला. छप्पर असलं तरी वाऱ्यानं राख आत येतेच, अक्षरांच्या खाचांत बसते. ती नखानं काढायची. खाच न खाच साफ केली.

पुढच्या दिवशी मेधाताईंना उठवून बरोबर नेलं. त्या कुरकुरल्या, पण आल्या. म्हातारी तिथंच होती. मी विचारलं, रोज येता का. ती म्हणाली, राख पडते त्या दिवशी यावंच लागतं. राख पडत नसती तर इतक्यांदा आले असते की नाही, सांगता येत नाही. नवरा कसा होता? तोंडानं फटकळ होता, म्हणाली, आणि मासे आणले की साफ मलाच करायला लावायचा. आता मी रोज त्याला साफ करते. असं म्हणून ती इतकी हसली की मेधाताईंना सांगताना स्वतःला हसू आवरेना.

मग तिनं विचारलं, तुमची बायको कुठं आहे?

मी म्हणालो, "डब्यात."

मेधाताईंनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, सांगा तसंच. आणि मग सगळंच सांगितलं, धरण, माहेर, उंबरा, आमचा शब्द, लोकांचं म्हणणं, मिलिंद. आम्ही बौद्ध, आम्हाला तसं चालत नाही, असं मी म्हणालो. म्हातारी म्हणाली, मीही बौद्धच. आणि तिनं फडकं पिळलं. मग बोलली ते मेधाताईंनी हळू आवाजात मराठीत केलं, "जागा तिनं सांगितलीय. तुम्हाला फक्त जायचंय."

परतताना आम्हाला एक कमान दाखवली, देवळाची. मोठा उद्रेक झाला तेव्हा एका दिवसात राखेत गळ्यापर्यंत गाडली गेली. आता जमिनीतून फक्त वरचा आडवा दगड आणि दोन खांबांची टोकं दिसतात, माणसाच्या छातीला लागतील एवढी. लोक उकरायला निघाले होते, पण गावानं ठरवलं, राहू दे अशीच. तात्या म्हणाले, ह्यात काय बघायचं. मी तिथून हललो नाही. मला सारखं वाटत होतं, सोजरनं हे बघितलं असतं तर म्हणाली असती, आमचं गाव हितं कुणी आणलं?

घरी आल्यावर मिलिंदला सांगितलं. तो चिडला. जन्मभर आम्हाला एक शिकवलं आणि आता जपानी बाई सांगते म्हणून दुसरं करता, म्हणाला. मी म्हणालो, शब्द मी पिंडाला आणि दशक्रियेला न शिवण्याचा दिला होता, बायकोचं ऐकायचं नाही असा दिलेला नाही. पाणी आपल्या घरावर आलं, आपण पाण्याकडं गेलो नाही. तो दोन महिने माझ्याशी कामापुरतं बोलला. विहारात काहींनी नमस्कार थांबवला. थांबू दे म्हणालो.

मे महिन्यात पाणी ओसरलं. मिलिंद न बोलता मोटरसायकल काढून दारात उभा राहिला. आम्ही गेलो. भेगाळलेला गाळ, वाळलेले शिंपले, लांब देऊळ. गावाबाहेरची आमच्या लोकांची वस्ती, नुसती जोती. सोजरची धाकटी बहीण ठकूबाई नव्या पळसदेवात असते. तिला बरोबर घ्यायचं होतं, पण ती लेकीच्या बाळंतपणाला दौंडला गेलेली. मी म्हणालो, सासुरवाडी मला माहीत नाही का? वीस वर्षांमागचं आठवून, देवळाकडं पाठ करून, पावलं मोजत गेलो. उंबऱ्याचा दगड सापडला. गाळ हातानं खरवडला. मिलिंदनं त्रिशरण म्हणलं. राख ठेवली. डबा रिकामा झाला, आणि मला पहिल्यांदा भूक लागली.

पुढच्या उन्हाळ्यात खराटा घेऊन गेलो. आता ठकूबाई बरोबर होती. उंबऱ्यावर वीतभर गाळ. मी झाडायला लागलो तर ती कमरेवर हात ठेवून बघत उभी. "दाजी," ती म्हणाली, "ह्ये आमचं घर न्हाय."

त्यांचं घर दोन जोती पलीकडं, तिनं दाखवलं. हा उंबरा शेजारच्या काशीबाईचा. काशीबाईशी सोजरचं लहानपणीच मोरीच्या पाण्यावरून भांडण झालेलं, ते इतकं की माहेरी गेली तरी सोजर तिच्या दारावरून जायची नाही, वळसा घालून जायची. काशीबाई सोजरच्या आधी दोन वर्षं गेली. आणि मी आणून ठेवलं कुठं, तर तिच्या दारात.

मी तिथंच बसलो. राख तर वर्षाच्या पाण्यात कधीच मिसळून गेलेली, उचलून हलवायला काही उरलेलं नव्हतं. एवढं एक काम तिनं सांगितलं, तेही मी चुकवलं. ठकूबाईनं माझ्याकडं बघितलं आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, मग पुन्हा हसायला.

"दाजी, आता भांडत आसतील दोघी."

"भांडू दे," मी म्हणालो. "बोलणं तरी सुरू झालं."

तेव्हापासून दर मे महिन्यात मी दोन्ही उंबरे झाडतो. काशीबाईचा आधी.